चुंबकाची वाटी आणि खोक्यावरचे किलो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विहिरीत पडलेली बादली किंवा धक्क्यावरून पाण्यात निसटलेला पाना काढायला हल्ली गळाऐवजी दोरी बांधलेले निओडिमियम चुंबक मागवतात. खोक्यावर २०० किलो छापलेले असते आणि साधी बादली सुटते, की फसवले म्हणून ओरड होते. बऱ्याचदा माल खोटा नसतो. तो आकडा जाड, गुळगुळीत, स्वच्छ पोलादी प्लेटवर, सरळ काटकोनात ओढून काढलेला असतो, आणि त्यातला मोठा वाटा चुंबकाभोवतीच्या पोलादी वाटीचा असतो.

चुंबकाची नुसती चकती लोखंडाला लावली तर मागच्या तोंडाचा चुंबकीय प्रवाह हवेतून वळसा घालतो आणि बराचसा वाया जातो. एम.एस.च्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाच्या) वाटीत बसवली की तोच प्रवाह तळातून, भिंतीतून पुढच्या कडेला येतो. ओढ प्रवाहघनतेच्या (प्रवाह किती दाटला आहे त्याच्या, एकक टेस्ला) वर्गाने वाढते: १ टेस्लाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४ किलो, २ टेस्लाला १६. अरुंद कडेत प्रवाह दाटतो, म्हणून स्पर्शातला जोर दुपटी-तिपटीने वाढतो, पातळ चकतीला त्याहूनही जास्त. मात्र साधे पोलाद २ टेस्लाच्या आसपास भरून जाते, त्याहून जास्त प्रवाह सहसा घेत नाही. ३२ मि.मी. व्यासाच्या चकतीला वाटीचा तळ ४ ते ५ मि.मी. हवा. २ मि.मी.च्या पत्र्याची वाटी प्रवाह वाहून नेऊ शकत नाही, उरलेला मागून गळतो. चकती आणि भिंत यांच्यात दोन-तीन मि.मी. फट ठेवून रेझिन भरावे. फटच नसेल तर प्रवाह कडेपर्यंत न येता आतल्या आत वळतो.

खाऱ्या हवेला घाबरून आपल्याकडे सगळेच स्टेनलेसचे करायची सवय आहे. ३०४ किंवा ३१६ या स्टेनलेसच्या प्रकारांची वाटी दिसायला छान, पण चुंबकाच्या दृष्टीने ती जवळजवळ हवाच. वाटी एम.एस.चीच असावी आणि वरून निकेल किंवा जस्ताचा थर. खरेदी करताना छोटा लोखंडी खिळा वाटीच्या पाठीला लावून पाहावा: फार जोराने धरत असेल तर तळ पातळ आहे किंवा पोलाद चुकीचे आहे, प्रवाह बाहेर येतोय. दोरीची कडी वेल्डिंगने लावायची असेल तर चुंबक बसवण्याआधी. साधी निओडिमियम चकती ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जोर गमावू लागते, आणि गार झाल्यावर तो सगळा परत येत नाही.

वाटीची किंमत पल्ल्यात मोजावी लागते. ती प्रवाह पृष्ठभागाशी आवळून धरते, त्यामुळे १ मि.मी. फट पडली तरी ओढ निम्म्याच्या आसपास येते आणि काही सेंटिमीटरवर नुसती तेवढीच चकती जास्त लांबून पकडते. गंज, रंगाचे पोपडे, शेवाळ या सगळ्या फटीच. रत्नागिरीच्या काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड भागातल्या काळ्या वाळूत तर मॅग्नेटाइटचे (चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे) कण तोंडावर लवेसारखे उभे राहतात आणि पुढच्या लोखंडाला स्पर्शच होऊ देत नाहीत. तिथे चुंबक पातळ प्लॅस्टिक पिशवीत घालून सोडावे. वर आल्यावर पिशवी उलटी ओढली की वाळू तिच्याबरोबर सुटते. पिशवीची जाडी ओढीला फारशी नडत नाही.

बादलीचे कोडे याच्याच पुढचे. तिचा पत्रा १ मि.मी.पेक्षा पातळ, तो लगेच भरून जातो आणि २०० किलोतला थोडाच हिस्सा हाती लागतो. शिवाय चुंबक अंगाला बाजूने चिकटले तर ते घसरते. घसरायला लागणारा जोर सरळ ओढीच्या साधारण पाचवा हिस्सा. पाण्याखाली भरलेली बादली हलकी वाटते, पृष्ठभागावर आल्याबरोबर आतले पाणी वजन दाखवते आणि नेमकी तिथेच ती सुटते. म्हणून चुंबकाने पाण्याच्या पातळीखालपर्यंतच आणावी, तिथे बादलीच्या कडीत गळ अडकवावा. तांब्या-पितळेची कळशी, बोटीचा ब्राँझचा पंखा, ३१६चा शॅकल (दोर-साखळी जोडायची कडी) यांना चुंबक लागत नाही. तिथे गळच कामाचा. विहिरीत पंपाचा जी.आय. (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप असेल तर मात्र वाटीचा फायदा: बाजू झाकलेली असल्याने चुंबक पाइपकडे कमी झेपावते.

जाड लोखंडाला चिकटलेले चुंबक हातोड्याने ठोकू नये, चकती ठिसूळ असते. कडेकडे सरकवून लाकडी पाचर मारावी, बोटे मध्ये नकोत, आणि पेसमेकर बसवलेल्यांनी जवळच थांबू नये. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवावा. रेझिनला तडा गेला की पाणी आत शिरते, चकती गंजून फुगते आणि भुगा होते.

विक्रेत्यांनी किलोशेजारी चाचणीच्या प्लेटची जाडी, १ मि.मी. फटीतला जोर आणि वाटीचे पोलाद कोणते, हे तिन्ही छापावे. दोन्ही तोंडांच्या चुंबकावर दोन्ही बाजूंची बेरीज छापतात, तीही वेगळी करून लिहावी. एका वेळी एकच तोंड लागते.

आपले,
फॅब्रिकेशन व बोटदुरुस्तीचे काम करणारे काही वाचक, रत्नागिरी