'रन' म्हणजे धावणे, एवढ्यावर कसं चालेल?

मा. संपादक,
स. न.

आमच्या दापोली-हर्णै भागात पाचवी-सहावीतल्या कुठल्याही मुलाला रन या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारा, लगेच उत्तर येतं, धावणे. वहीत तसंच लिहिलेलं असतं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये बरोबरचं चिन्ह. उत्तर चुकीचं नाहीये पण इतकं अपुरं आहे की तेच मूल नववीत गेल्यावर 'द टॅप वॉज रनिंग' वाचतं आणि नळ धावत होता असं लिहून येतं, मग त्याला वाटायला लागतं की इंग्रजी आपल्याला जमणाऱ्यातलं नाही. त्या मुलाचा यात काय दोष? आपणच त्याला शब्दाची एक बाजू दाखवून सोडून दिलं.

ऑक्सफर्डचा जो मोठा इंग्रजी शब्दकोश आहे त्याच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद सेट या शब्दाची होती. तिसऱ्या आवृत्तीचं काम करताना रनने सेटला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. एवढे अर्थ इंग्लंडातल्या माणसालाही पाठ नसतात, आणि मुलांनी ते पाठ करावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की रोजच्या वापरातले आठ-दहा तरी वाक्यात बसवून शिकवा, आणि ते आपल्या मराठीच्या आधारानेच सोपे होतात.

कारण मराठीत आपण चालणे हा शब्द कसा वापरतो बघा ना. मूल चालतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं, कोर्टात केस चालते, आणि 'उद्या आलो तर चालेल का' हेही आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. हे कोणी आपल्याला पाठ करायला लावलं नव्हतं, कुठला शब्द कुणाबरोबर येतो ते ऐकून ऐकून कळलं. रनचे बरेचसे अर्थ धावणेपेक्षा या चालणे-चालवणेलाच जवळ आहेत. काकी खानावळ चालवते तर इंग्रजीत ती खानावळ रन करते, बोटीचं इंजिन चालू आहे तर ते रनिंग आहे, त्या गावाला एसटी जात नाही तर बस तिकडे रन होत नाही. हे एकदा सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं की कळलंय.

मग पाण्याशी जोडलेल्या अर्थांचा घोळका. नळ वाहतो, नाक वाहतं, डोळ्यातून पाणी वाहतं, नवीन कपड्याचा रंग धुताना जातो, सगळीकडे रन. रस्त्यालासुद्धा हाच शब्द, म्हणजे मुरूडहून कर्द्याला जाणारा रस्ता समुद्राला धरून जातो तर तो समुद्राच्या कडेने रन होतो, तिथे हलत काहीच नाही तरी. आणि मे महिन्यात विहीर आटली की द वेल हॅज रन ड्राय. बोट वाळूत रुतली किंवा खडकावर चढली की ती रन अग्राउंड झाली. ताप आला असेल तर रनिंग अ फीव्हर. ही सगळी वाक्यं आमच्या मुलांच्या आयुष्यातली आहेत हो, पण त्यांच्या गाइडमध्ये यातलं एकही सापडत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो रन आऊटचा. क्रिकेटमुळे रन आणि रन आऊट हे शब्द मुलांच्या तोंडात शाळेत यायच्या आधीपासून असतात, रन म्हणजे धाव आणि रन आऊट म्हणजे धावबाद. त्यामुळे 'वी हॅव रन आऊट ऑफ आईस' वाचलं की बर्फाचा आणि आऊट होण्याचा काय संबंध असा प्रश्न पडतो. अर्थ साधा आहे, आमच्याकडचा बर्फ संपला. फरक एवढाच की मराठीत बर्फ संपतो, वाक्याचा कर्ता बर्फ. इंग्रजीत दोन्ही चालतं, 'द आईस हॅज रन आऊट' म्हणा नाहीतर माणसं कर्ता करून ऑफ लावा. हा ऑफ विसरला की वाक्य लंगडं होतं. आणि इथे हॅज-हॅवपुढे रनच येतं, रॅन नाही, कॉलेजातली मुलंपण 'हॅज रॅन' लिहितात.

पुढे लागणाऱ्या छोट्या शब्दाने अर्थ किती बदलतो हे तर आवर्जून शिकवायला हवं. बाजारात सर अचानक भेटले तर आय रॅन इंटू माय टीचर, पण इंटूच्या जागी ओव्हर घातलं तर सर तुमच्या गाडीखाली आले असा अर्थ होतो. निवडणुकीला उभं राहणं याला अमेरिकेत रन म्हणतात, ब्रिटिश इंग्रजीत स्टँड, म्हणजे आपल्या उभं राहण्यासारखंच. आणि कधीकधी धावणेसुद्धा बरोबर बसतं, खेड स्टेशनला गाडी उशिराने धावत असल्याचं मराठीत सांगतात आणि इंग्रजीतही रनिंग लेटच असतं. माणूस मात्र रनिंग लेट असेल तर तो धावत नसतो, त्याला नुसता उशीर होत असतो.

हा विचार नवा नाहीये. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षक ब्रिटिश काळात, फाळणीआधीच्या बंगालमध्ये इंग्रजी शिकवत होते, त्यांनी पुढे १९५३ साली साधारण २००० शब्दांची यादी छापली आणि शब्दाचा कुठला अर्थ किती वेळा येतो तेही त्यात दिलं. हॉर्नबी नावाचे दुसरे शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांच्या कामातून १९४८ साली ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश आला, ज्यात अर्थासोबत वाक्यं असतात. तो कोश आज मोबाईलवर फुकट बघता येतो. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी आपल्या वह्या अजून बरोबरच्या चिन्हावरच अडकल्यात. इथली कितीतरी मुलं पुढे मर्चंट नेव्हीत जातात, हॉटेलात लागतात, घरचा होमस्टे सांभाळतात, पाहुणा 'द हॉट वॉटर हॅज रन आऊट' म्हणाला तर ते लगेच समजायला पाहिजे.

म्हणून आपल्याला विनंती आहे की मुलांच्या पानावर दर आठवड्याला एक इंग्रजी शब्द घ्या, रननंतर गेट, टेक, सेट, कीप असे रोजचेच. अर्थापुढे नुसता मराठी शब्द नको, पूर्ण वाक्य छापा आणि ते इकडच्या बंदरातलं, शेतातलं, एसटी स्टँडवरचं असू द्या. छापलंत तर कात्रण वर्गातल्या फळ्यावर लावायची जबाबदारी माझी.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका, ता. दापोली, जि. रत्नागिरी