कल्हई नसलेलं पितळ

मिरज,
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू चार वाक्यं बोललास आणि त्यात तीनदा खोकलास. "गणपतीपासून आहे, धुरळ्याचा असेल, जाईल," म्हणालास. मी तेव्हा गप्प बसलो, पण फोन ठेवल्यावर नजर गेली ती कोपऱ्यात टेकवलेल्या माझ्या सूसाफोनकडे, बँडमधल्या त्या अंगाभोवती वेटोळं घालणाऱ्या पितळी बाजाकडे. अनंत चतुर्दशीची मिरवणूक झाल्यावर मी तो बाहेरून घासूनपुसून लख्ख केला होता. आत काय आहे हे मात्र वीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. त्याबद्दलच हे पत्र आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणून विसरला असतास. कागद समोर राहतो.

आत काय निघालं ते आधी ऐक. गच्चीवर जुनी गोधडी अंथरली, भोंग्याचे तिन्ही स्क्रू सोडवून तो बाजूला ठेवला आणि नळीत पाणी सोडलं. पहिला लोंढा बाहेर आला तो गुलाबी! गुलाल, मित्रा. मिरवणुकीतला. त्यामागून काळपट हिरवं, शेवाळासारखं बुळबुळीत काहीतरी. मग काळी पडलेली झेंडूची पाकळी. मग पोह्याएवढे पापुद्रे. वास असा, की चार दिवस फुलदाणीतलं पाणी बदललं नाही तर येतो तसा. सगळ्यात वाईट अवस्था नेकची होती, म्हणजे माउथपीसच्या लगेच पुढच्या वाकड्या पाइपची. उजेडाकडे धरून पाहिलं तर रुपयाएवढ्या भोकातून जेमतेम करंगळीएवढा उजेड दिसत होता. आपण फुंकतो ती ओली हवा पहिल्यांदा तिथेच थंड होते, म्हणून मळ तिथेच जास्त बसतो.

आणि तुझ्या युफोनियमचा, त्या माझ्यापेक्षा लहान पितळी बाजाचा, भोंगा तर आभाळाकडे तोंड करून असतो. वरून उधळलेला गुलाल थेट पोटात जातो. सूसाफोन 1890 च्या दशकात अमेरिकेत पहिल्यांदा घडला तेव्हा त्याचाही भोंगा असाच वर होता, आणि तिकडचे लोक त्याला 'पाऊस धरणारा' म्हणायचे. तुझं वाद्य गुलाल धरतं.

तुझ्या आईनं आपल्याला लहानपणी एकदा ओरडलेलं आठवतं? कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आपण ताक ओतून ठेवलं होतं. संध्याकाळी ते हिरवट झालं, कळकलं, आणि तिनं ते गुरांनाही दिलं नाही, ओतून टाकलं. काल गच्चीवर मला तेच आठवत राहिलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट, ओलं काही त्यात राहिलं की ते कळकणारच. घरातल्या प्रत्येक भांड्याला आपण दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याकडून कल्हई करून घेतली. आणि आतून कल्हई नसलेलं अठरा फूट लांब पितळ मी रोज ओठांना लावतो, त्यात चहानंतरची, पानानंतरची, वरातीच्या जेवणानंतरची फुंकर मारतो, आणि ते कधी विसळतही नाही. तुझं नऊ फुटांचं आहे, एवढाच फरक.

मी घाबरवायला लिहीत नाही. पण 2010 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवणाऱ्या एकाची हकीकत छापली होती. त्याचा खोकला वर्षानुवर्षं हटत नव्हता. शेवटी त्याच्या वाद्यात पाहिलं, तर आत जंतू आणि बुरशी वाढलेली. ती फुंकताना-ओढताना छातीत जात होती. वाद्य नीट साफ करायला लागल्यावर खोकला गेला. तुझा खोकला तसलाच आहे असं मी म्हणत नाही, ते मला कळत नाही. तू डॉक्टरांकडे जा आणि आपण पितळी वाद्य वाजवतो हे त्यांना स्वतःहून सांग. ते आपण कधी सांगतच नाही, आणि ते आपणहून विचारत नाहीत.

आता धुण्याचं. पाणी कोमट घे, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढंच. कढत पाण्यानं बाहेरचं लॅकर, म्हणजे चकाकीचा लेप, पापुद्र्यासारखं सुटतं. माझ्याकडे बोअरचंही पाणी आहे, पण मी नळाचं वापरलं. बोअरच्या पाण्यातले क्षार गिझरमध्ये बसतात तसे नळीतही बसतात. बादलीभर पाण्याला भांड्यांचं लिक्विड दोन चमचे, बास. आपण बाहेरून लावतो ती पितळेची पूड आत अजिबात नको. तिची कचकच पिस्टनच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या दट्ट्यांच्या, घरात राहिली तर पिस्टन कायमचा ओरखडतो. चिंचही नको. चिंचेनं समई उजळते हे खरं, पण समईच्या आत कोपरे नसतात. वळणात राहिलेला कोळ कितीही विसळला तरी निघाला की नाही हे कळणार कसं?

पिस्टन सगळ्यांत आधी बाहेर काढ. प्रत्येकावर 1, 2, 3 कोरलेलं असतं. ज्याचा त्याच्याच घरात गेला पाहिजे, नाहीतर फुंकलेली हवा पुढे जात नाही. वरच्या गोल बनातीच्या चकत्या भिजवू नकोस. पिस्टन उभे ठेवू नकोस, लवंडतात. मी ते ताटात धोतराचा तुकडा पसरून आडवे ठेवले होते. एक पिस्टन फरशीवर पडला तर केसाएवढा वाकतो आणि मग आयुष्यभर अडकतो. स्लाइड, म्हणजे ओढून निघणाऱ्या वाकड्या नळ्या, काढताना त्या-त्या पिस्टनवर बोट दाबून धर, म्हणजे आत पोकळी होऊन 'फट्' आवाज येणार नाही. (पिस्टन काढलेले असतील तर हा प्रश्नच नाही.) एखादी स्लाइड हलली नाही तर हातोडी किंवा पक्कड घ्यायची नाही. माउथपीस अडकला तरी नाही. तसाच राहू दे, कारागिराला दाखवू.

माझ्याकडून एक चूक झाली, ती तू करू नकोस. लांब ब्रश हाताशी नव्हता, म्हणून नाडीला फडकं बांधून दुसऱ्या नंबरच्या स्लाइडमधून ओढलं. वळणावर ते बोळा होऊन बसलं. तासभर गेला. शेवटी पाइप लावून उलट्या बाजूनं पाणी सोडलं तेव्हा सुटलं. मग मुलगा बाजारात जाऊन लवचीक स्प्रिंगचा ब्रश घेऊन आला, दोन्ही टोकांना केस असलेला. स्प्रिंगवर प्लास्टिकचं आवरण हवं, उघडी तार आतलं पितळ खरवडते.

खरी गंमत, म्हणजे खरा आनंद म्हणतो मी, पाणी फिरवण्यात होता. अठरा फुटांच्या वेटोळ्यातून पाणी आपोआप बाहेर येत नाही. मी एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनी तो अजस्र बाजा गोधडीवर चाकासारखा हळूहळू लोळवला. कान लावला की पाणी एका वेटोळ्यातून दुसऱ्यात उतरताना ऐकू येतं, गुळगुळ, मग थांबतं, मग पुन्हा. इतकी वर्षं ज्यातून आवाज काढला त्याच्या आतली वाट मला काल पहिल्यांदा कळली. कुठे रुंद होते, कुठे उलटी वळते. पाच वेळा पाणी बदललं. पाचव्यांदा ते नितळ आलं. तुला एवढा खटाटोप नाही. युफोनियम मोठ्या टबात बसेल, फक्त तळाला जाड टॉवेल टाक.

मग रात्रभर सावलीत, सगळं सुटं, उपडं. सकाळी स्लाइडना पेट्रोलियम जेली बोटानं अगदी पातळ लावली. पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइल. खोबरेल सोड आता, मित्रा. आपण उस्तादांचं पाहून तेच वापरत आलो. पण पारा 24 अंशांच्या खाली उतरला की खोबरेल गोठायला लागतं. माघातल्या पहाटेच्या वरातीला तुझा दुसरा पिस्टन चिकटायचा आणि तू तो काखेत धरून ऊब द्यायचास, त्याचं कारण हेच होतं.

एक गोष्ट बघायला विसरू नकोस. हिरवं दिसलं तर ते धुतलं जातं. पण कुठे गुलाबी-तांबूस ठिपका असेल आणि त्याच्या मधोमध काळा टिंब, तर तिथलं जस्त निघून गेलंय आणि नुसतं तांबं उरलंय. ते आतून पोखरत येतं आणि एक दिवस भोक पडतं. माझ्या नेकवर असा एक ठिपका आहे. मला वाईट वाटलं. मेरठच्या जाली कोठीतून, बँडची वाद्यं घडतात त्या वस्तीतून, आणलेला बाजा, त्याची झळाळी आपण चौकाचौकांत मिरवली, आणि तो आतून असा झिजत होता. आता वाजवून झालं की पाणी काढून टाकायचं, महिन्याला नेक आणि माउथपीस धुवायचा, आणि पूर्ण अंघोळ वर्षातून दोनदा, गणपतीनंतर आणि आषाढी एकादशीला लग्नं थांबली की.

आपल्या मिरजेत सतारीची तार बदलायची म्हटलं तर सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्यांचे हात आहेत. तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला तर तो सांधणारा माणूस आहे. बँडच्या वाद्याला कोणी नाही. म्हणून हे आपणच शिकायला हवं, आणि नव्या पोरांना कॉर्नेट हातात देतानाच दाखवायला हवं.

आज सकाळी जोडून वाजवला. सगळ्यात खालचा सूर धरला. पूर्वी तिथे जोर लावावा लागायचा आणि सूर थोडा थरथरायचा. आज सहज लागला, आणि खिडकीच्या काचा वाजल्या. मुलगा आतून धावत आला.

तुळशीची लग्नं द्वादशीपासून आहेत, तुझ्या सुपाऱ्या त्यानंतर लगेच सुरू होतील. तोवर सात दिवस आहेत. रविवारी सकाळच्या एसटीनं मी इचलकरंजीला येतो, ब्रश आणि ऑइल घेऊन. तू फक्त टब तयार ठेव, आणि वहिनींना एखादं जुनं मऊ धोतर शोधून ठेवायला सांग. तोपर्यंत युफोनियमला तोंड लावू नकोस.

तुझा,
मिरजेचा सोबती