‘ब्लॅकमेल’ला एका ओळीत निकालात काढू नका

संपादक महोदय,

स. न.

कालच्या पुरवणीतला इरफान खानवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलाय, पण त्यात त्याचा ‘ब्लॅकमेल’ हा चित्रपट फसलेला म्हणून एका ओळीत उरकलाय, हे अजिबात पटलं नाही. चित्रपट फसलाय, मान्य. पण कुठे आणि का, हे समीक्षकानं नाही सांगायचं तर कोणी?

पहिला तासभर पटकथा चोख आहे. देवला (इरफान) बायको रीनाचे रणजितशी संबंध असल्याचं कळतं आणि तो निनावी राहून रणजितकडे पैसे मागतो. रणजित बायकोच्या पैशांवर जगणारा, त्यामुळे कोंडीत सापडल्यावर तो रीनालाच धमकावतो आणि रीना नवऱ्यापुढे हात पसरते. म्हणजे देवला मिळणारा पैसा त्याच्याच खिशातला. प्रत्येक फेरा देवपाशी परत येतो, कोणाला काय ठाऊक आहे हे प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं असतं, म्हणून हसू येतं. पुढे गुपित ऑफिसातल्या प्रभाला कळतं, पाठोपाठ डिटेक्टिव्ह चावला येतो, आणि पैसा या चक्रातून बाहेर पाझरायला लागतो. मग उरते नुसती पैसे उकळणाऱ्यांची यादी. त्यात देवच्या टॉयलेट पेपर कंपनीतल्या बॉसचा धांगडधिंगा भलत्याच पट्टीत, आणि वर उर्मिला मातोंडकरचं गाणं. एवढं कापलं असतं तरी चित्रपट सावरला असता.

तरीही नजर हटत नाही ती इरफानमुळे. बायकोला दुसऱ्याबरोबर पाहिल्यावर देवच्या डोक्यात खुनाचे विचार येऊन जातात, प्रत्यक्षात तो काहीच करत नाही. दुसऱ्या नटानं इथे जबडा आवळला असता. इरफानच्या चेहऱ्यावर अपमानाइतकाच थकवा दिसतो, म्हणून पैसे उकळण्याचा निर्णय सुडापेक्षा कर्जाच्या थकलेल्या हप्त्यांतून आल्यासारखा वाटतो आणि पटतो. रीना पैसे मागते तेव्हाचा इरफान नीट बघा. सगळं माहीत असलेला माणूस काहीच माहीत नसलेल्या नवऱ्याचं सोंग करतोय. इथे प्रेक्षकाकडे बघून हळूच खूण करायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. हा किंचित उशिरा उत्तर देतो, बस्स. ब्लॅक कॉमेडीत, म्हणजे गंभीर गोष्टीतून विनोद काढणाऱ्या प्रकारात, नट स्वतःहून हसवायला लागला की खेळ संपला, हे इतकं पक्कं कळलेले नट आपल्याकडे थोडेच. ६ एप्रिल २०१८ ला चित्रपट लागला तेव्हा तो उपचारांसाठी परदेशी होता. प्रसिद्धीला तो नव्हताच आणि कामाकडे लक्ष कमीच गेलं. निदान आता तरी त्याची नीट दखल घ्यायची!

आणखी एक. दिग्दर्शक अभिनय देव हे रमेश-सीमा देव यांचे चिरंजीव, प्रभाची भूमिका अनुजा साठेची. मराठी दैनिकातल्या लेखात दोघांचंही नाव नाही. जागेची अडचण समजते, पण मग इरफानच्या फोटोला अर्धं पान कसं मिळालं?

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई