कलाभवनाआधी एक शेड मिळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावात कलाभवन व्हावे, या मागणीची बातमी आपल्या अंकात वाचली. ही मागणी दर दोन-चार वर्षांनी होते. निवेदन दिले जाते, फोटो छापून येतो आणि पुढे जागेवरून नाहीतर पाटीवरच्या भाषेवरून गाडी अडते. या खेपेला मागणीच थोडी बदलावी, म्हणून हे पत्र.

शहापुरात माझे फ्रेमचे दुकान आहे. गावात कोण काय रंगवतो, हे आमच्या फळीवर बरे कळते. निसर्गचित्रे येतात, कुणाच्या वडिलांचे पोर्ट्रेट येते, गणपती तर बारमाही. के. बी. कुलकर्णी सरांच्या वळणाची जलरंगातली कामे अजूनही येतात आणि काच बसवताना हात आपोआप सावकाश चालतो. बेनन स्मिथ हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या या माणसाने चित्रमंदिर ही चित्रकलेची शाळा चालवली, चित्रकार रवी परांजपे तिथेच शिकले. वरेरकर नाट्यसंघात सरांच्या नावाचे कलादालनही आहे. तेव्हा चित्र टांगायला भिंत मिळते, ही तक्रार नको.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. मध्यंतरी कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी एक काम घेऊन आली. मागावरून उरलेले सूत पत्र्यावर थरावर थर देऊन चिकटवलेले, चांगले पाच फूट लांब आणि मधोमध वीतभर फुगलेले. ‘ह्याला फ्रेम कशी ओ बसणार?’ मी विचारले. म्हणाली, ‘फ्रेम नको काका, घरी ठेवायला जागा नाही, तुमच्याकडे राहू दे.’ ती आता पुण्यात कुठल्याशा जाहिरात कंपनीत आहे. काम माझ्याकडे प्लायवूडच्या मागे उभे आहे. गिऱ्हाईक विचारते, हे काय ओ? मी सांगायला लागलो की ते फ्रेमचा दर विचारते.

अशा कामांसाठी दुसरीकडे जागा कशा उभ्या राहिल्या, ते पाहावे. दिल्लीची ‘खोज’ ही कलासंस्था 1997 साली काही कलाकारांनी मिळून सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे इमारत नव्हती. मोदीनगरला एक कार्यशाळा भरवली. देशातले आणि बाहेरचे कलाकार एकत्र राहिले, एकत्र जेवले, एकमेकांसमोर काम केले. सुरुवात करणाऱ्यांत सुबोध गुप्ता, भारती खेर, अनिता दुबे होत्या. पूजा सूद यांनी पुढे ती संस्था वर्षानुवर्षे सांभाळली. मूळ कल्पना उसनीच होती. शिल्पकार अँथनी कॅरो आणि रॉबर्ट लोडर यांनी 1982 मध्ये न्यूयॉर्क राज्यात ‘ट्रँगल’ नावाची अशी कार्यशाळा सुरू केली होती. तिच्याच गोतावळ्यात पुढे कराचीत ‘वसल’, ढाक्यात ‘ब्रिट्टो’ आणि श्रीलंकेत ‘तीर्थ’ या संस्था उभ्या राहिल्या. दिल्ली आणि कराचीवाल्यांचे एका गोतात जमते, मग कन्नड-मराठी चित्रकारांचे एका छपराखाली का जमू नये? चित्रकारांचे जमतेच म्हणा, जमत नाही ते बाकीच्यांचे.

‘खोज’ला घर नंतर मिळाले, तेही दिल्लीतल्या खिडकी एक्स्टेन्शनच्या अरुंद गल्लीत. समोर साकेतचे झगमगते मॉल, इकडे भाडेकरूंची दाटी. कलाकार तिथे राहतात, काम करतात, कला शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुलेही असतात. त्याच वस्तीतून ‘खिडकी आवाज’ नावाचे हिंदी-इंग्रजी वर्तमानपत्र निघाले, वस्तीतल्या माणसांच्या गोष्टी सांगणारे. यात विकण्यासारखे काय आहे? म्हणूनच हे कुठल्या गॅलरीत झाले नसते. गॅलरी विक्रीवर कमिशन घेते, त्यात वावगे काही नाही. मीही फुटावर पैसे घेतो. पण जे विकले जाणार नाही, कदाचित फसेलही, ते करून बघायला ना-नफा तत्त्वावरची जागा लागते.

दिल्ली लांब वाटत असेल तर बेंगळूरचे ‘वन शांती रोड’ घ्या. सुरेश जयराम यांनी 2003 पासून आपले राहते घरच कलाकारांना खुले केले. तिथे स्टुडिओ आहे, पाहुण्या कलाकारांच्या खोल्या आहेत, प्रदर्शने आणि गप्पा होतात.

पैशाचे म्हणाल तर कलेसाठी अनुदान देणाऱ्या बेंगळूरच्याच ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’कडे अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत करता येतो, म्हणजे मराठीतही आणि कन्नडमध्येही. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या वर असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या यादीत कला-संस्कृती आहे. उद्यमबागेतल्या कारखानदारांना हे मी सांगायला नको. एक मात्र खरे, देणगीदार इमारतीवर कोनशिला लावायला एका पायावर तयार असतो. दरमहाचे वीजबिल, झाडलोट आणि देखभाल करणाऱ्याचा पगार म्हटला की त्याला फोन येतो. अशा संस्था धापा टाकतात त्या इथेच, त्यामुळे निवेदनात आधी हा खर्च मागावा.

सुरुवातीला दोन आठवड्यांची कार्यशाळा पुरे. खानापूरची माती आहे, तिथले कुंभारकाम शिकवणारे केंद्र आहे. गोकाकची लाकडी फळे आणि खेळणी आहेत. वडगाव-शहापुरातले माग आहेत, त्यांपैकी बंद पडलेले कितीतरी. हे कारागीर आणि बाहेरून येणारी मुले एका शेडमध्ये बसवायची. उद्घाटन, सत्कार, शाली यांत पहिला दिवस घालवायचा नाही एवढे पथ्य पाळावे.

वडगाव, शहापूर किंवा खासबागेत कुणाची मागाची शेड रिकामी असेल, तर आपल्या दैनिकातूनच कळवावे. छत गळत नसले म्हणजे झाले. थ्री फेजचे मीटर चालू असेल तर उत्तम, भट्टीला उपयोगी पडेल.

आपला,
एक फ्रेमवाला, शहापूर, बेळगाव