कुत्र्यांच्या जिवावर डुक्कर नको

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्यानंतर रानडुकरं हाकून मारायला हाका घालायचा, वरच्या वाड्यावरची मुलं त्यांचे कुत्रे आणणार, आपल्या शेरू-काळूलाही नेऊ का, असं तू विचारलंस. एका रात्रीत अर्धा मळा उलथून ठेवलेला, सुरणं आणि कणगीचे कंद उकरलेले, दूध भरलेलं भात तुडवलेलं बघून राग येणारच. चार महिन्यांचे कष्ट आहेत ते. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. नुसतं नाही म्हणून तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कायद्याचं आधी उरकते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत येतं. शिकार म्हणजे फक्त मारणं, असं तो कायदा मानत नाही. हाकून काढणं, फासकी लावणं, आमिष ठेवणं, कुत्री मागे घालून पळवणं, यातला नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीक नासवणाऱ्या जनावराला मारायची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारीच देऊ शकतो. तुझ्या मित्राच्या घरी शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना आहे म्हणतोस, पण तो बंदूक बाळगायचा परवाना, डुक्कर मारायचा नव्हे. समज, उद्या सरकारने डुकराला उपद्रवी ठरवलं, जसं उत्तराखंडात २०१६ मध्ये ठरवलं होतं, तरी कुत्र्यांबद्दल माझं म्हणणं हेच राहील.

तुम्ही मुलं जे व्हिडिओ बघता ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे. तिकडे डुक्कर अठराव्या शतकात गोऱ्यांच्या जहाजांतून आलं. तिथल्या रानाचं ते नाही, त्याला खाणारी मोठी जनावरं तिथे फारशी नाहीत, आणि ते संपलेलं सरकारलाही हवंच आहे. कुत्रेही तिकडे दोन प्रकारचे शिकवतात: एक भुंकून डुकराला एका जागी अडवून धरणारे, दुसरे कानाला धरून दाबणारे. त्यांच्या छातीला जाड कवच, गळ्यात जीपीएसचा पट्टा. एवढं करूनही कुत्रे फाटतात, आणि तिथले लोकही यावर भांडतात. आपल्याकडे डुक्कर मुळातलंच. इथे गोव्यात म्हादईच्या रानात वाघ, बिबट्या, कोळसुंदे त्याच्यावर जगतात. रानातलं भक्ष्य घटलं की बिबट्या गोठ्याकडे वळतो, आणि गोठ्यात गुरं मेली की माणसं काय करतात ते २०२० च्या जानेवारीत आपल्या सत्तरी तालुक्याने पाहिलं आहे. वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने गेले.

आता रानात प्रत्यक्ष काय होतं ते ऐक. कुत्रे सुटले की कळप फुटतो. मागे राहतं ते धावू न शकणारं: पोटुशी मादी, वर्षाच्या आतलं पोर, आधीच लंगडणारं एखादं. तुझा मळा उकरणारं डुक्कर तेच असेल असं काही नाही. मादी साधारण ११५ दिवस गाभण राहते, आणि चार-सहा पिलं गवतापाल्याच्या घरट्यात ठेवून चरायला निघते. ती मारली गेली तर ती पट्टेरी पिलं उपाशी मरतात, आणि त्याला काही दिवस लागतात. धरलेल्या मादीच्या मागे पिलं आहेत का, हे कुत्र्याला कळत नाही, आणि तुम्ही पोचेपर्यंत विचारण्यासारखं काही उरत नाही.

मोठा नर पळत नाही. करवंदीच्या जाळीत पाठ टेकवून उभा राहतो. त्याच्या खांद्यावर कातडीखाली जाड, कडक थर असतो, तिथे दात लागत नाही. म्हणून कुत्रे कान, नाकाड आणि मागचा मऊ भाग धरतात. कुत्रा डुकराला मारत नाही, मारूही शकत नाही. तो फक्त धरून ठेवतो. सुरा घेतलेला माणूस जाळीतून वाट काढत येईपर्यंत ते जनावर जिवंतपणी फाटत असतं. माणूस दहा मिनिटं लांब असेल तर दहा मिनिटं. सुटून गेलं तर कान, थान किंवा वृषण फाटलेलं ते डुक्कर अळ्या पडून मरतं. जखम नसली तरी जिवाच्या आकांताने पळालेल्या जनावराचे स्नायू आतून खराब होऊन ते नंतर मरू शकतं.

कुत्र्यांच्या बाजूने एक मुद्दा मांडतात आणि त्यात तथ्य आहे, म्हणून तो टाळत नाही. रात्री ठासणीच्या बंदुकीने मारलेल्या छर्‍यांनी जखमी होऊन कितीतरी डुकरं निसटतात आणि रानात कुजतात. कुत्र्यांनी धरलेलं जनावर निदान हातात तरी येतं. पण माझं माप वेगळं आहे. भीती सुरू झाल्यापासून जीव जाईपर्यंत वेळ किती गेला, ते मी बघते. परवानगीने, उजेडात, जवळून नीट मारलेल्या गोळीत तो क्षणांचा असू शकतो. कुत्र्यांच्या पारधीत तो लांबवणं हीच रीत आहे. पूर्वापार चालत आलंय, मांस वाड्यात वाटून खातात, हेही खरं. धीरयो, म्हणजे बैलांची झुंज, तीही पूर्वापारच होती, उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती बंद केली.

आणि शेरू-काळूचं काय? डुकराचे खालचे सुळे वरच्यांवर घासून घासून धार धरतात, आणि तो वार खालून वर करतो. कुत्र्याच्या छातीवर, जांघेत, मानेखाली बाहेरून दिसते ती दोन बोटांची, ब्लेडने कापल्यासारखी सरळ चीर. रक्तही फारसं नसतं. पण कातडी उचलली की ती मांसापासून सुटलेली दिसते, आत वीतभर पोकळी, तिच्यात चिखल, केस, पाल्याचे तुकडे. अशी जखम बाहेरून घट्ट शिवली की दोन दिवसांत आत पू होतो आणि कुत्रा तापाने जातो. ती खारट पाण्याने भरपूर धुऊन, मेलेलं मांस काढून, निचऱ्याला वाट ठेवूनच शिवावी लागते, आणि ते काम डॉक्टरचं.

ती मुलं तुझं न ऐकता गेलीच आणि कुत्रा फाटून आणला, तर एवढं कर. आतडी बाहेर आली असतील तर आत ढकलू नको. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून सैल बांध. छातीच्या जखमेतून श्वासाबरोबर हवा ओढल्याचा आवाज येत असेल तर त्यावर स्वच्छ प्लास्टिक ठेवून तीन बाजूंनी चिकटव, चौथी मोकळी ठेव, आणि घाई कर. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर आत रक्त जातंय. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अजिबात देऊ नको. फाटलेला नसून नुसता धापा टाकत कोसळला असेल तर ऊन लागलंय. कुत्र्याचं अंग ३८ ते ३९ अंश असतं, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. पोटावर, जांघेत साधं पाणी ओत, वारा घाल, बर्फ नको. कुणा माणसाला डुकराने किंवा कुत्र्याने चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जायचं.

आणखी एक. सुटलेला कुत्रा डुकरावरच थांबत नाही. खवले मांजर, पिसोरी, घोरपड, साळिंदर, जे सापडेल त्यावर पडतो. गावठी कुत्र्यांचा डिस्टेंपरही त्याच्याबरोबर रानात जातो. गीरच्या सिंहांत २०१८ मध्ये हाच रोग पसरला होता.

मळ्याचं काय, हा तुझा खरा प्रश्न. हाक्याने फुटलेला कळप आठवडाभर शेजाऱ्याच्या शेतात जातो आणि परत येतो. पैसे कुंपणात घाल. सौर कुंपणाच्या डुकरासाठीच्या तारा खाली हव्यात: पहिली जमिनीपासून २० सेंमी, दुसरी ४५, तिसरी ७५. त्याच्या अंगावरच्या राठ केसांना झटका लागत नाही. ओलं नाक तारेला लागलं तरच तो मागे फिरतो. आपल्याकडे बिघडतं ते अर्थिंग, म्हणजे कुंपणाची जमिनीशी जोडणी. जांभ्या दगडात एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडते आणि झटका मरतो. किमान तीन सळ्या, मीटरभर खोल, एकमेकींपासून तीन मीटरवर, आणि उन्हाळ्यात तिथे रोज बादलीभर पाणी. पावसात उलटं: गवत तारेला टेकलं की दाब उतरतो, म्हणून खालची पट्टी दर पंधरा दिवसांनी साफ करायची. टेस्टरवर ४००० व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर कुंपण नाहीच समज. घरच्या लायनीची वीज तारेत सोडायचा विचारसुद्धा नको, त्यात माणसं मरतात.

कुंपण भातात दूध भरायच्या आधी चालू झालं पाहिजे. एकदा चटक लागली की कळप झटका सोसून घुसतो. गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, पडकी खिंडारं चिऱ्यांनी बुज, पायथ्याशी उकरलेलं दिसेल तिथे मोठे दगड रोव. काजूच्या हंगामात बोंडूंचा रस काढून उरलेला चोथा आणि गळलेले फणस कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेला टाकतात, त्या वासावर डुकरं येतात. तो चोथा खड्ड्यात पुरायचा. नुकसान झालं की उकरलेलं सारखं करायच्या आधी फोटो काढ आणि पंचनाम्यासाठी अर्ज दे, सपाट केलेल्या मळ्याचा पंचनामा होत नाही.

शेरू-काळूला काम हवंच असेल तर राखणीचं दे. रात्री कुंपणाच्या आत भुंकले तरी पुरे. मात्र मळ्यात बांधून ठेवू नको, बिबट्या नेईल. माळ्याखाली गजांची खोली करून घे, दाराला आतून-बाहेरून कडी. तारेचं बंडल आणायला वाळपईला जाशील तेव्हा इन्सुलेटर मोजून घे, प्रत्येक खांबाला तीन, आणि दहा-बारा जास्तीचे. दोघांची रेबीजची आणि डिस्टेंपरची लस कधी झाली ते कार्डावर बघून मला कळव.

तुझी,
आई