धुक्यात अप्पर लावायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पावसाळी सहलीच्या पानावर घाटात गाडी चालवण्याचे सल्ले छापून आले. रात्री धुकं लागलं तर फॉग लॅम्पच्या जोडीला अप्परही (हेडलाइटचा लांबवर जाणारा झोत) चालू ठेवा, म्हणजे रस्ता लख्ख दिसेल, असं त्यात आहे. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी कुंभार्ली घाट जुलैतल्या रात्री एकदा तरी उतरला असता, तर हे वाक्य त्यांच्या हातून लिहून झालं नसतं. आमचा भाजीचा टेम्पो कराडहून चिपळूणला रात्रीच जातो. पहाटे माल बाजारात लागला नाही तर त्याला भाव नाही, त्यामुळे धुकं आहे म्हणून घरी बसायची सोय आम्हाला नाही.

घाटाच्या अलीकडचं हेळवाक गाव सोडलं की पावसाळ्यात कधीकधी बॉनेटच्या पुढे काही दिसत नाही. अशा वेळी चालक फक्त डाव्या कडेचा पांढरा पट्टा धरून चालतो. किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, काच खाली करून, भिजत, बाहेर डोकं काढून पट्टा सांगत राहतो. फॉग लॅम्प असतो तो या पट्ट्यासाठी. तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो, त्याचा झोत वरून कापलेला आणि रुंद असतो, रस्त्याच्या दोन्ही कडा आणि पुढचा थोडा रस्ता एवढंच तो दाखवतो. अप्परचा झोत जातो सरळ समोर, आपल्या नजरेच्या रेषेत. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. त्यांच्यावर आपटून तो उजेड चहूकडे फुटतो आणि त्यातला बराचसा आपल्याच डोळ्यांत परत येतो. समोर चुन्याची भिंत उभी राहते. दिवा जितका जोराचा, तितकी ती भिंत पांढरी. मग खाली फॉग लॅम्प चालू असला काय आणि नसला काय, त्याने दाखवलेला पट्टा त्या चकाकीत दिसतच नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. टोमॅटोचे कॅरेट भरून घाट उतरत होतो, शेजारी माझा भाचा. पुढे एक मोटारसायकल होती, नवरा-बायको, दोघांच्या अंगावर रेनकोट. तिचा मागचा लाल दिवा धरून आम्ही सावकाश चाललो होतो. ती पट्टा बघत होती, आम्ही तिला. एका वळणावर खालून एक मोठी गाडी वर आली. अप्पर, फॉग लॅम्प आणि वरून बंपरवर लावून घेतलेली एलईडीची पट्टी, सगळं एकदम चालू. क्षणात सगळं पांढरं झालं आणि तो लाल दिवा गायब. भाचा ओरडला, "मामा, पट्टा गेला! थांबवा!" मी जागेवर ब्रेक दाबला. मोटारसायकलवाल्याला थांबायला जागा कळली नाही. तो डोंगराच्या अंगाला गेला आणि गटारात पडला. बाईंचा गुडघा फुटला. रेनकोट फाटून त्यात खडी रुतली होती. दरीच्या अंगाला गेला असता तर काय झालं असतं, हे घाट माहीत असणाऱ्याला सांगायला नको.

गाडीवाला उतरला. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. म्हणाला, "मला काहीच दिसत नव्हतं हो, म्हणून सगळे दिवे लावले." मी म्हटलं, साहेब, आधी गाडीत बसा आणि अप्पर आणि ती पट्टी बंद करा, डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या झोतावर घ्या. त्याने घेतलं. काचेतून बघितलं आणि म्हणाला, "आता कठडा दिसतोय की!" इतका वेळ तो स्वतःच्याच उजेडाने आंधळा होऊन घाट चढत होता. त्याला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तुम्ही नेमकं उलटं सांगताय, हजारो वाचकांना.

मागच्या गाडीचा अप्पर तर याहून वाईट. तो आरशात भरतोच, शिवाय आपल्याच टेम्पोची सावली समोरच्या धुक्यावर पडते. त्या काळ्या सावलीत पट्टा शोधायचा. वेग कमी केला की मागचा हॉर्न वाजवतो.

धुकं नसतानासुद्धा ही जोडी कामाची नाही. फॉग लॅम्पमुळे गाडीपुढचा पाच-दहा मीटरचा रस्ता इतका उजळतो की डोळे त्याच उजेडाला सरावतात आणि लांबचं अंधारातलं माणूस, जनावर, बंद पडलेला ट्रक उशिरा दिसतो. मोकळ्या रस्त्यावर समोर कुणी नसेल तर एकटा अप्पर पुरतो. समोरून कुणी आलं की डिपर द्यायचा, ही साधी रीत. तासाला साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. डोळ्यावर फोकस पडून नजर परत जागेवर यायला काही सेकंद लागतात, वय झालेल्या माणसाला जास्तच. पाच सेकंद धरले तर ऐंशी मीटर आंधळेपणाने.

कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 106. दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला दिपवेल असा झोत पुढच्या दिव्याचा असू नये, असं त्यात म्हटलंय. दीड मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्याच डोळ्याची उंची. पण हे रस्त्यावर तपासताना मी कुणाला पाहिलेलं नाही. हेल्मेट बघतात, कागद बघतात. दिवा कुणी बघत नाही.

काही गाड्यांत अप्पर लावला की फॉग लॅम्प आपोआप विझतात. सगळ्याच गाड्यांत ही सोय सक्तीने करायला काय हरकत आहे, हा प्रश्न तुमच्यासारख्या वर्तमानपत्राने कंपन्यांना विचारायला हवा. ते राहिलं बाजूला, त्याच पानाच्या तळाशी त्या एलईडी पट्ट्यांची सवलतीची जाहिरात आहे. जाहिरात घ्या, त्यावर तुमचं चालतं हे मला समजतं. पण वर सल्ला आणि खाली तेच विकायला, हे वाचणाऱ्याला खटकतं.

जाता जाता आणखी एक. ज्या पट्ट्यावर आमचा जीव टांगलेला असतो तो पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत धुऊन जातो. घाटात कितीतरी वळणांवर तो आता उरलेलाच नाही, कडेचे लाल-पांढरे खांब चिखलाने माखलेत, त्यांच्यावरचे रिफ्लेक्टर चमकत नाहीत. ज्यांच्या ताब्यात हा रस्ता आहे त्यांनी मे महिन्यात चांगला पट्टा मारला आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा हे खांब पुसून घेतले, तर फार मोठा खर्च नाही. तुमचा वार्ताहर पाठवून एकदा फोटो छापा.

आणि त्या सल्ल्याची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा: धुक्यात डिपर आणि फॉग लॅम्प, अप्पर बंद, वेग कमी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा नको. येत्या शनिवारच्या आत छापा, कारण सहलीला निघणारी मंडळी शुक्रवारी रात्रीच घाटात असतात.

आपला,
भाजीपाला वाहतूक करणारा एक टेम्पोचालक, कराड