'मिक्स आफ्रिकन' मासे घेण्याआधी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

'मिक्स आफ्रिकन' या नावाने विकली जाणारी सिक्लिड (गोड्या पाण्यातल्या माशांचे एक कुळ) माशांची दोन इंची रंगीत पिल्ले नव्याने फिशटँक ठेवणाऱ्यांनी घेऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र. त्या एका नावाखाली आफ्रिकेतल्या मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तिन्ही सरोवरांतले मासे असू शकतात. कोणी दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा, कोणी लहान मासे गिळणारा. कोणी दहा सेंटिमीटरवर थांबतो, तर व्हीनस्टस नावाचा मासा पंचवीसपर्यंत जातो. पिल्ले असताना सगळे गुण्यागोविंदाने राहतात. नर वयात आले की इतरांचे पर फाटलेले दिसू लागतात आणि दुबळा मासा हीटरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा राहतो. त्याला त्याच दिवशी वेगळे काढले नाही तर तो सहसा वाचत नाही.

रंगावर तर अजिबात जाऊ नये. केन्यी या जातीची पिल्ले सुंदर निळी असतात. नर मोठा होताना पिवळा पडतो आणि टाकीभर दहशत बसवतो. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा ऑराटस हमखास उचलला जातो. त्याचा प्रौढ नर काळपट होतो आणि इतरांना जगू देत नाही. पहिल्या टाकीत या दोन जाती नकोतच. डेमासोनी लहान आणि देखणा, पण डझनभरापेक्षा कमी ठेवले तर एकमेकांनाच संपवतात.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी (सुमारे २५५ लिटर) असेल, तर मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरचे, म्हणजे 'एम्बुना' गटातले, तीन शांत प्रकार पुरेत: यलो लॅब, रस्टी आणि यलोटेल एसेई. पिवळा, तांबूस-जांभळा आणि निळसर असे रंग वेगळे असल्यामुळे नर एकमेकांना प्रतिस्पर्धी समजत नाहीत. एसेई बराचसा वरच्या पाण्यात फिरतो, त्यामुळे खालची गर्दीही कमी होते. यलो लॅबसोबत सौलोसी मात्र टाळावा; त्याच्या माद्याही पिवळ्या असतात, भांडणेही वाढतात आणि संकरही होतो.

पिल्लांत नर-मादी ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक जातीची सात-आठ पिल्ले घ्यावीत आणि वयात आल्यावर जादा नर काढून एका नरामागे तीन-चार माद्या राहू द्याव्यात. मादी अंडी तोंडात उबवते. तिचा गळा फुगलेला, जबडा चघळल्यासारखा हलताना दिसतो आणि ती साधारण तीन आठवडे जवळजवळ काहीच खात नाही. नर एकाच मादीच्या मागे लागला तर ती थकून मरते. जास्त माद्या हव्यात त्या यासाठी.

पीकॉक जातीचे मासे यांच्यात मिसळू नयेत. ते शांत आणि किडे-अळ्या खाणारे; एम्बुनांच्या धसमुसळेपणात त्यांचे रंगच खुलत नाहीत. शिवाय आहार जमत नाही. शेवाळ खाणाऱ्या एम्बुनाचे आतडे लांब असते. त्याला ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा मांसाहारी खाद्य सतत दिले तर पोट फुगते, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी पडते आणि मासा खाणे सोडतो. स्पिरुलिना या शेवाळाचे दाणे दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपतील इतकेच द्यावेत.

दगड आधी काचेच्या तळावर पातळ थर्माकोल घालून पक्के रचावेत आणि मग भोवती वाळू घालावी. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड कलंडून काच फुटते. पाणी ७.८ ते ८.५ पीएचचे (म्हणजे किंचित अल्कधर्मी), २५-२६ अंशांचे. पीएच कमी असेल तर फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा ठेवावा.

मासे नसताना अमोनिया घालून चार ते सहा आठवडे फिल्टर तयार करावा, म्हणजे माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा सोडू नये. पीएच जितका चढा, तितका अमोनिया जास्त विषारी, त्यामुळे इथे घाई नडते. सगळी पिल्ले सारख्या आकाराची आणि एकाच दिवशी सोडावीत. मागाहून भर घालायचीच असेल तर दगडांची जागा बदलून, दिवा बंद करून. म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे, क्लोरीन काढूनच.

विक्रेत्यांना एक विनंती: प्रत्येक टाकीवर माशाचे शास्त्रीय नाव, प्रौढ लांबी आणि आहार लिहावा. यलो लॅब म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, रस्टी म्हणजे आयोडोट्रोफियस स्प्रेंगेरी. ही नावे विचारणाऱ्या ग्राहकाला उत्तर मिळायला हवे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक